वरल्या घाटाची आणि डाळिंबी डागाची बखर

श्री. विघ्ने वारणाऱ्यास नमन असो, वाणी देणारीस नमन असो, आणि जिच्या पाण्यात राजाचे व रंकाचे वस्त्र एकसारखेच ओले होते त्या नदीसही नमन असो. हुजुरून आज्ञा जाहली की, परिटांचा वरला घाट कैसा जात होता आणि कैसा राहिला, दरबारचा कान कोणी कोणी धरिला आणि कोणाचा शब्द आत शिरला, हे जैसे घडले तैसे लिहून काढणे. आज्ञा शिरसा वंदून लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिले की त्या नावाचे लोक भांडावयास येतात, आणि न लिहिले तर सगळ्याच राज्यांचे लोक हे आपलेच म्हणोन हासतात. लेखकास हासलेले बरे वाटते.

शके सोळाशे सत्त्याहत्तर, युवानाम संवत्सर, ते समयी त्या राज्याच्या राजधानीस सुखाचे दिवस होते. स्वारी नाही, दुष्काळ नाही, आणि महाराज स्वभावे सौम्य, पांढऱ्या वस्त्रांचे बहुत शौकी. नदी नगरास पश्चिमेकडून येई, आणि प्रथम लागे तो परिटांचा वरला घाट, सत्तर घरांची परीटआळी त्याचे काठी. त्याचे खाली रंगाऱ्यांचा घाट, तेथे निळीचे आणि मंजिष्ठेचे हंडे रिते होत, म्हणोन तेथून पुढे नदी एके दिवशी निळी वाहे आणि दुसरे दिवशी तांबडी. परीटआळीचा मुख्य सुभानजी परीट, वय पन्नाशीचे, अंगाने किरकोळ, परंतु मनगटे पाहावी तर पैलवानाची. घाटावर त्याचा एक धोंडा होता, बापाने आणि आज्याने त्याच धोंड्यावर धुणे आपटिले, तेणेकरोन त्यास मध्ये परातीसारखा खोलगट आकार आला होता. आणि परिटांची चाल ऐसी की, प्रत्येक घराच्या वस्त्रास कोपऱ्यात बिब्ब्याच्या चिकाची काळी खूण घालावी, कोणास दोन टिंबे, कोणास फुली, कोणास चंद्रकोर, म्हणजे भट्टीत शंभर घरांचे कपडे एकत्र उकळले तरी ज्याचे त्यास परत जावे. ती खूण जन्मात धुऊन जात नाही. सगळ्या नगरात एकाच घरास खूण नव्हती, ते महाराजांचे. राजाच्या वस्त्रास बिब्बा लावणे म्हणजे राजास चार गिऱ्हाइकांत बसविणे, ऐसे परीट समजत, आणि त्यांची वस्त्रे निराळ्या हंड्यात धूत.

ऐशा सुखात श्रावण वद्य पंचमीस सुभानजीचे कानी आले की, नगरातले बडे अत्तरवाले नारोशेट ह्यांनी वरला घाट आणि त्यालगतची जमीन गुलाबाच्या बागेसाठी मागितली, कारभारी विसाजीपंतांनी मान डोलाविली, आणि दसऱ्याचे दरबारी सनदेवर शिक्का व्हावयाचा. परिटांनी रंगाऱ्यांचे खाली जाऊन धुवावे, खाली आणि वर पाणी तेच, ऐसे कारभारी म्हणतात. हे ऐकून सुभानजी मटकन खाली बसला. रंगाऱ्यांचे खाली धुतलेले धोतर पांढरे कैसे निघावे? आणि पांढरे न निघाले तर परिटाकडे धुणे कोण देईल? सत्तर घरांची चूल त्या पाण्यावर, आणि ते पाणीच जात होते. त्याची बायको हौसा परटीण मोठी खमकी, ती म्हणाली, "बसून काय व्हतंय? उठा आन् अर्जी द्या." मग सुभानजी उठला, अंगणातल्या दोरीवरचे एक उपरणे उगाच घडी केले, आणि अर्जी लिहवावयास गेला.

अर्जी लिहिणारा बाजारातला, त्याने महाराजांची बिरुदे इतकी लिहिली की मजकुरास कागदावर चार बोटेच जागा राहिली, तीत "घाट" एवढा शब्द कसाबसा मावला आणि त्याचे पुढे "विनंती" लिहिताच कागद संपला. कारभाऱ्यांनी ती अर्जी दोन्ही हातांनी घेतली, गोड हासले, म्हणाले, "पाहतो हो." आणि ती बैठकीखाली सरकविली. सुभानजी बाहेर येऊन बहुत संतोषाने लोकांस सांगू लागला की कारभारी पाहतो म्हणाले. ते वाघोजी हुजऱ्यांनी ऐकिले. वाघोजी म्हणजे चाळीस वर्षे गादीमागे मोरचेल धरून उभे राहिलेले, सांप्रत म्हातारपणामुळे घरी बसलेले, आणि दरबारची नस न् नस जाणणारे. त्यांनी सुभानजीस ओट्यावर बोलाविले, पानाचे तबक पुढे केले, आणि बोलिले, "सुभानजी, पाहतो म्हणजे न पाहतो. चाळीस वर्षांत मी एक निकाल दरबारात झालेला पाहिला नाही. निकाल आधी होतो, दरबारात तो नुसता वाचतात." सुभानजी म्हणाला, "मग आमी कुटं जावं?" वाघोजी म्हणाले, "जो निकाल लिहितो त्याचेकडे जा. त्याचे कानाशी जो बसतो त्याचेकडे जा. एकट्याने जाऊ नको, तुझ्यासारखीच ज्यांची गोष्ट त्या घाटावर अडली आहे त्यांस बरोबर घे. चौकात बोलबाला कर. आणि काहीच न चालले तर काम बंद कर, पण ते अगदी शेवटी, कारण त्यात पहिली उपाशी आपली पोरे राहतात." सुभानजीने हे सर्व बोटांवर मोजून पाठ केले, आणि घरी जाईपर्यंत त्यातले निम्मे विसरला, ते हौसेने पुन्हा जाऊन विचारून आणिले.

मग परिटांनी जे जे करावयाचे ते ते केले. हौसा राणीसाहेबांची दासी चिमणा हिचेकडे गेली, कारण राणवशातली धुणी हौसाच नेत असे आणि दोघींची जुनी गट्टी. चिमणेने वेणी घालताना राणीसाहेबांचे कानावर घातले, राणीसाहेबांनी भोजनसमयी महाराजांस विचारिले, महाराज भात कालवीत म्हणाले, "पाहू." हौसेस ते कळले तेव्हा ती कपाळास हात लावून म्हणाली, "राजा बी पाहूच म्हनतो!" मग कोष्टी, शिंपी आणि देवळांतले पुजारी ह्यांस परिटांनी आपल्या बाजूस घेतले, कारण कोष्ट्याचे पांढरे सूत, शिंप्याचे पांढरे कापड आणि पुजाऱ्याचे पांढरे उपरणे निळे झाले तर त्यांचीही शोभा जात होती, आणि अवघे दोनशे असामी मिळोन कारभाऱ्यांचे वाड्यापुढे गेले. कोणी दगड मारिला नाही, शिवी दिली नाही, फक्त उभे राहिले. कारभाऱ्यांस बाहेर पडावयाचे होते ते पडता येईना, मग त्यांनी सज्ज्यातून सर्वांस सांगितले की, तुमचे म्हणणे आम्हांस पोहोचले. आणि गोंधळ्यांनी घाटाचे गाणे रचून बाजारात म्हटले, त्यास इतकी गर्दी लोटली की भाजीवाल्या भाजी विकावयाचे सोडून टाळ्या देऊ लागल्या.

परंतु नारोशेट अत्तरवाले हे काही दुधखुळे नव्हते. माणूस गोरागोमटा, मृदुभाषी, ज्याचे घरी जाई त्याचे मुलाचे नाव आठवणीत ठेवी, आणि निघताना कुपी विसरून जाई ती मुद्दाम. त्यांनी "सुगंधहितचिंतक मंडळी" म्हणोन एक मंडळी काढिली, तीत मंडळी चारच, नारोशेट, त्यांचे मेहुणे, मेहुण्याचे साडू आणि एक कवी. मंडळीने राजवैद्यांस दोन कुपी मोगरा देऊन एक पत्र लिहविले की, घाटावरच्या धोपटण्याचा आवाज निरंतर कानी पडल्यास पित्त चढते आणि बुद्धीस मांद्य येते. हे वैद्य नगराच्या दुसऱ्या टोकास राहत, घाटाकडे जन्मात फिरकले नव्हते, आणि पत्र लिहिले त्या दिवशी त्यांचे अंगावर परिटाने धुतलेले शुभ्र धोतर होते. दोन कोपऱ्यांस दोन चंद्रकोरी, त्या सुभानजीनेच घातलेल्या. मग मंडळीने दररोज सकाळी वीस माणसे गोळा करून राजवाड्यापुढे "गुलाब पाहिजे, गुलाब पाहिजे" ऐसे ओरडावयास लाविली, त्यांस जिलबी मिळे. एके दिवशी जिलबी आली नाही तेव्हा ती माणसे परिटांचे बाजूस येऊन उभी राहिली आणि विचारू लागली, इकडे काय मिळते. सुभानजीने त्यांस पाणी पाजले. आणि नारोशेटांनी आपल्या मेहुण्यास दरबारात अत्तरदाणी फिरविण्याचे काम मिळवून दिले, तो प्रत्येक मानकऱ्याचे मनगटास अत्तर लावताना वाकून हलकेच दोन शब्द कानात सांगे, आणि सुवास येत असता कोणास नाही म्हणवत नसे. ह्यास मसलत म्हणतात. लेखकाने ती पाहून मनात वाहवा केली, खोटे कशास लिहावे.

भाद्रपद पौर्णिमेस परिटांचे पंच पारावर बसले आणि ठरले की आता भट्टी बंद. घाट आपला आहे ऐसे लिहून मिळेतो कोणी परिटाने कोणाचे वस्त्र पाण्यात घालू नये, आणि जो घालील त्याने सगळ्या आळीस जेवण घालावे, सर्वांस वाढावे आणि आपण शेवटी जेवावे. सुभानजीने सर्वांचे आधी धोंड्यावर हात ठेवून शपथ घेतली. पहिले आठ दिवस दरबारची दाणादाण उडाली. मानकऱ्यांच्या पगड्या मळल्या, उपरणी कळकटली, फडणीस एकच अंगरखा उलटा सुलटा करून वापरू लागले, आणि सेनापती तर पाऊस पडत नसता घोंगडी पांघरून आले. आळीत लोक एकमेकांस टाळी देत म्हणाले, आता आठ दिवसांत सनद. परंतु दोन गोष्टी झाल्या. एक तर वस्त्रांस वास येऊ लागताच अवघा दरबार अत्तर घेऊ लागला, आणि नारोशेटांचे दुकानापुढे पालख्यांची रांग लागली. आणि दुसरी गोष्ट त्याहून विलक्षण. पितृपक्षात महाराजांचे अंगरख्यावर जेवताना आमटी सांडली. धुतलेला दुसरा अंगरखा नव्हता, म्हणोन महाराज तोच घालून दरबारात आले, आणि छातीवर हळदीचा डाग घेऊन गादीवर बसले. सर्वांनी पाहिले. कोणी बोलले नाही. दुसरे दिवशी कारभारी विसाजीपंत आले ते छातीवर तैसाच आमटीचा डाग लावून. तिसरे दिवशी फडणिसांचे छातीवर दोन. पाचवे दिवशी दरबारात स्वच्छ अंगरखा घालून येणे हे राजास न मानण्यासारखे झाले, मानकऱ्यांचे घरी सकाळी बायका पळीने आमटी शिंपून नवऱ्यांस दरबारात पाठवू लागल्या, आणि मंडळीच्या कवीने "सुवर्णबिंदू" ह्या विषयावर बारा श्लोक केले. महाराज ते श्लोक ऐकून मान हालवीत, परंतु त्यांची बोटे वारंवार छातीवरच्या डागाकडे जात आणि मागे येत. हे लेखकाने पाहिले आहे.

तेणेकरोन भट्टीबंदीची धारच गेली. ज्यांस मळकटच राहावयाचे त्यांचे परीट काय वाकडे करणार? इकडे आळीत चुली एकवेळ पेटू लागल्या. कोष्टी आणि शिंपी चार दिवस पीठ घेऊन आले, मग त्यांसही आपली घरे होती. सुभानजीचे तर हात शिवशिवत. सकाळी उठून तो घाटावर जाई, धोंड्यावर पाणी ओती आणि रिकाम्या हातांनी आपटल्यासारखे करी. हौसा हासून म्हणे, "अवो, धोंडा झिजंल की!" परंतु पदराने डोळेही पुसे. खंडेनवमीस परिटांनी आपापल्या धोंड्यांची पूजा केली, हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली, आणि प्रत्येकाचे मनात हेच की पुढील वर्षी ह्या धोंड्यावर गुलाबाचे आळे असेल. सुभानजीने आपल्या धोंड्याच्या खोलगट भागात हात फिरविला आणि त्यास भडभडून आले. चारचौघांत रडावयाचे नाही म्हणोन तो नदीत उतरला आणि तोंड धुऊन वर आला. त्याच दिवशी दरबारातून बोलावणे आले की, उद्या दसऱ्याचे दरबारी परिटांनी आपले अखेरचे म्हणणे सांगावे, त्याउपर सनदेवर शिक्का होईल.

वाघोजींनी सुभानजीस ओट्यावर उभे करून भाषण पाठ करविले. "तीन मुजरे. मान खाली. महाराजांचे तोंडाकडे पाहू नको. विनंती अशी की, येवढ्यापासून सुरुवात कर, आणि हात हालवू नको." सुभानजीने शंभर वेळा म्हटले. दसऱ्याचे दिवशी दरबार भरला. झेंडूची तोरणे, नौबत, मानकरी आपापल्या डागांसह ओळीने बसलेले, कारभाऱ्यांचे हाती सनद, नारोशेट उजवे बाजूस, आणि मेहुणा अत्तरदाणी घेऊन फिरत आहे. परिटांचे चार पंच मागे उभे राहिले, सुभानजी पुढे आला, तीन मुजरे केले, आणि म्हणाला, "विनंती अशी की," आणि तेथे त्याची जीभ अडली. कारण मुजरा करून उठताना मान खाली घालावयाची राहिली आणि त्याची दृष्टी महाराजांच्या छातीवर गेली. तेथे आमटीचा जुना डाग होताच, पण त्याचे खाली, आज सकाळीच सांडलेला, ओला, डाळिंबाचा ताजा डाग होता. इतर कोणी तो पाहून घरी जाऊन आपणासही डाळिंब मागविले असते. परिटाचे तैसे नाही. सुभानजी भाषण विसरला, शपथ विसरला, राजा कोण आणि आपण कोण हेही विसरला, आणि दोन पायऱ्या चढून थेट गादीजवळ जाऊन त्याने महाराजांचे अंगरख्याची कड चिमटीत धरिली. "आरारारा! डाळिंब हाय ह्यो! कवा सांडलं? आत्ता धुतला तर निगंल, सांजंला बसला की मेल्यावर बी न्हाई निगायचा. काडा, काडा आंगरखा!"

भालदारांनी भाले सरसाविले. कारभाऱ्यांचे हातची सनद खाली पडली. मागे पंचांनी डोळे मिटून घेतले, कारण आता घाटही गेला आणि सुभानजीही गेला. नौबतवालाही वाजवावयाचे थांबला. महाराज त्या चिमटीकडे पाहत राहिले, आणि मग अगदी हळू आवाजात बोलिले, "निघेल?" सुभानजी म्हणाला, "निगंल की. वरल्या घाटाचं पानी हाय, लिंबू हाय, ऊन हाय." महाराज उठले, बंद सोडिले, अंगरखा काढून सुभानजीचे हाती दिला आणि आतील साध्या बंडीवर उभे राहिले. हे पाहून कारभाऱ्यांनीही घाईने आपले बंद सोडावयास घेतले, त्यांचे मागे फडणिसांनी, आणि अवघा दरबार अंगरखे उतरवू लागला. महाराज वळून म्हणाले, "तुम्ही कशास?" तेव्हा सर्वांनी पुन्हा बांधिले. मग महाराज बोलिले, "तीन आठवडे आम्ही घाण वस्त्र घालून ह्या गादीवर बसलो. वैद्य येऊन गेले, कवी येऊन गेले, तुम्ही रोज बसता. आम्हांस डाग पडला आहे, हे ह्या दरबारात आज प्रथम कोणी सांगितले." मानकरी आपापले डाग उपरण्याने झाकू लागले. नारोशेट तेवढे चतुर, ते हात जोडून पुढे आले आणि गोड बोलिले, "महाराज, परीट म्हणतात त्या पाण्यात इतका गुण असेल तर प्रत्यक्ष पाहावे. डाग निघाला तर घाट त्यांचा. न निघाला तर बाग आमची." त्यांस ठाऊक होते की डाळिंबाचा डाग सहसा निघत नाही. सुभानजीसही ठाऊक होते, परंतु तो तोपर्यंत अंगरखा घेऊन दरवाजापर्यंत पोहोचला होता. महाराज म्हणाले, "कबूल," आणि बंडीवरच पायी घाटाकडे चालू लागले, मागे दरबार, मागे पंच, मागे सगळे नगर.

घाटावर हौसा होती. नवऱ्याचे हाती राजाचा अंगरखा आणि मागे बंडीतला राजा पाहून तिने प्रथम पदर सावरिला आणि मग विचारिले, "काय सांडलं?" सुभानजी म्हणाला, "डाळिंब." ती लिंबे आणावयास धावली. सुभानजीने झेंडूची माळ बाजूस ठेवून धोंड्यावर अंगरखा पसरिला, लिंबू चोळिले, रिठ्याचा फेस केला, पाण्यात बुडविला, आपटिला, पिळिला, उन्हात धरिला, पुन्हा बुडविला. तीन आठवडे उपाशी राहिलेले हात होते ते, असे चालले की पाहणाऱ्यास खाली बसून पाहत राहावे वाटे, आणि महाराज खरेच पायरीवर बसले. मधल्या वेळात त्यांस काय वाटले कोण जाणे, म्हणाले, "विसाजीपंत, तुम्ही म्हणता खाली आणि वर पाणी तेच. तुमचे उपरणे जरा खाली धुऊन आणवा." उपरणे गेले आणि आले, ते काठापासून काठापर्यंत निळे. कारभारी ते काखेत धरून दिवसभर उभे होते. इकडे आमटीचे डाग गेले, डाळिंबाचा डाग तांबड्याचा गुलाबी झाला, गुलाबीचा पिवळट झाला, आणि अंगरखा दोरीवर उन्हात पांढरा फटफटीत फडफडू लागला. लोकांनी हर हर महादेव म्हणावयास तोंड उघडिले. तो सुभानजीने तोच अंगरखा उतरविला, छातीजवळचा पदर उजेडात धरिला, आणि त्याचा चेहरा उतरला. मसुरीच्या डाळीएवढे एक तपकिरी टिंब राहिले होते. आणखी कोणास ते दिसले नव्हते. एका हौसेस मात्र दिसले, तिने डोळ्यांनीच सांगितले, घडी घाला आन् द्या. सत्तर घरे मागे उभी होती. सुभानजीने घडी घातलीही. मग त्याने ती पुन्हा उलगडली, कारण डाग असलेले वस्त्र डाग नाही म्हणोन कोणाचे हाती आजवर त्याने दिले नव्हते, आणि महाराजांपुढे जाऊन बोट ठेवून म्हणाला, "म्हाराज, येवडं ऱ्हायलं. न्हाई निगालं."

नारोशेट हासू आवरून पुढे सरकले. महाराजांनी ते टिंब उजेडात नीट पाहिले, अंगठा फिरवून पाहिला, आणि विचारिले, "तुम्ही गिऱ्हाइकांच्या वस्त्रास खुणा घालता ना?" सुभानजी म्हणाला, "व्हय जी." "कारभाऱ्यांची खूण काय?" "फुली." "वैद्यांची?" "दोन चंद्रकोरी." "आमची?" सुभानजी म्हणाला, "म्हाराजांस्नी खूण न्हाई. म्हाराज गिऱ्हाईक न्हवं." महाराज म्हणाले, "तर मग आम्ही एकटेच बाहेर का? ही आमची खूण. डाग गेला आहे, खूण राहिली आहे. परिटाच्या घाटावर खूण राहावयाचीच." आणि अंगरखा अंगात घालून, टिंब छातीवर घेऊन, बंद बांधीत म्हणाले, "नारोशेट, गुलाबास पलीकडचा काठ द्या, तिकडे ऊनही जास्त आहे. विसाजीपंत, सनद फाडा. दुसरी लिहा, आणि वर बिरुदे थोडी लिहा, म्हणजे घाटाचे नाव मावेल." तेव्हा जी आरोळी उठली ती राजवाड्यातील राणवशापर्यंत ऐकू गेली, आणि हौसा परटीण सर्वांदेखत नवऱ्यास म्हणाली, "येडं हाये माझं मानूस, लई येडं हाये," आणि रडली. सायंकाळी महाराज सीमोल्लंघनास त्याच अंगरख्यावर गेले.

पुढे दोन गोष्टी लिहावयाच्या राहिल्या. परिटांच्या पंचांनी रीतसर बसून ठराव केला की, घाट मिळाल्याचे लिहून येण्यापूर्वी सुभानजीने वस्त्र पाण्यात घातले, सबब शपथ मोडली, सबब दंड. मग कोजागिरीस सगळ्या आळीस पुरणपोळ्यांचे जेवण जाहले, सुभानजीने सर्वांस वाढिले, वाघोजी हुजऱ्यांस दोन वेळा वाढिले, आणि आपण शेवटी बसला तेव्हा हौसेने त्याच्यासाठी तव्यावरची गरम राखून ठेवली होती. नारोशेटही आले होते, त्यांनी येताना कुपी आणिली आणि ह्या वेळी सांगून दिली. आणि दसऱ्याचे दुसरे दिवशी बावीस मानकऱ्यांचे घरून मळके अंगरखे आले, सोबत निरोप की, छातीवर एक तपकिरी टिंब घालून द्यावे. सुभानजीने ते अंगरखे स्वच्छ धुतले, प्रत्येकाच्या कोपऱ्यात ज्याची त्याची खूण पाहिली, आणि तैसेच परत पाठविले.

एवंच. दरबारास आपल्याकडे वळविण्यास अर्जी, वशिला, जमाव, गाणे, वैद्यपत्र, अत्तर आणि काम बंद, इतके उपाय त्या वर्षी जाहले, प्रत्येकाने आपापले थोडे काम केले, आणि त्यांवाचून सुभानजी गादीपुढे पोहोचलाही नसता. घाट मात्र राहिला तो एका माणसास डाग पाहून हात आवरला नाही म्हणोन, आणि राहिलेले टिंब त्याने लपविले नाही म्हणोन. तो धोंडा अद्याप तेथे आहे, आणखी एक बोट खोल झाला आहे. कागद येथे संपला, शाई ओली आहे, ती उन्हात ठेविली आहे.